फोटोग्रामच्या फ्रेम्स जोडून अ‍ॅनिमेशन: फ्लिकर, उड्या आणि राखाडी पडलेला पांढरा

पहिलं_वर्ष_बडोदा

सगळ्यांना नमस्कार. फाइन आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला आहे. सहा सेकंदांचा लूप करतोय: पतंग वर चढतो, गोता खातो, परत सावरून वर जातो. कॅमेरा वापरायचा नाही, प्रत्येक फ्रेम फोटोग्राम म्हणून (फोटो कागदावर वस्तू ठेवून उजेड दिला की उमटणारं चित्र) थेट कागदावर काढायची असं ठरवलंय. सेकंदाला १२ फ्रेम्स, म्हणजे एकूण ७२.

सध्याची मांडणी अशी आहे. दांडिया बाजारातल्या घराची बाथरूम, खिडकीला काळं प्लास्टिक. जुना एनलार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र), ७५ वॅटचा दुधी बल्ब, ५० मिमी लेन्स. ८×१० इंची आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) मल्टिग्रेड (फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येणारा) फोटो कागद कात्रीने चार तुकड्यांत कापतो. त्यावर काळ्या कार्डाचा पतंग आणि बटर पेपरची शेपटी ठेवायची, लेन्स एफ/४ वर, तोंडाने मोजून दोन सेकंद. डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) १:२, पाणी टाकीचं. थर्मामीटर नाही. काळं पुरेसं झालंसं वाटलं की प्रिंट बाहेर काढतो. मग पाण्यात बुडवून हायपोत (चित्र पक्कं करणारं द्रावण). सेफलाइट (कागद काळा न करणारा अंधारखोलीतला दिवा) म्हणून ९ वॅटच्या पांढऱ्या एलईडी बल्बला लाल पतंगी कागद दोन पदरी गुंडाळलाय.

पहिल्या २४ फ्रेम्स फोनने टिपून चालवून बघितल्या. दिसलं ते असं:

१. काळी पार्श्वभूमी एका फ्रेमला डांबरासारखी, पुढच्या फ्रेमला कोळशाच्या राखेसारखी. चालवल्यावर दिवा लुकलुकतोय असं वाटतं, म्हणजे फ्लिकर.
२. पतंग सरळ रेषेत सरकवूनही डावी-उजवीकडे उड्या मारतो.
३. पतंग पांढराशुभ्र हवा, तो राखाडी येतो.
४. काही प्रिंट्सवर एक-दोन दिवसांनी तपकिरी-जांभळट डाग उमटले.
५. फोनच्या फोटोंत आडवे पट्टे दिसतात, आणि प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी.

कागद महाग आहे, म्हणून उरलेल्या ४८ फ्रेम्सच्या आधी विचारतोय.

---

हायपो_अडीचशे

उरलेल्या ४८ नको, सगळ्या ७२ नव्याने कर. या २४ चाचणी म्हणून ठेव. उड्यांबद्दल दुसरं कुणी सांगेल, मी उजेड आणि रसायनांवर बोलतो.

आधी सेफलाइट, कारण ते बदलल्याशिवाय बाकी काही कळणारच नाही. पतंगी कागद डोळ्याला लाल दिसतो पण तो फिल्टर नव्हे. तंतूंमधल्या फटींतून पांढरा प्रकाश सरळ निसटतो. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा जोर असतो आणि मल्टिग्रेड कागद नेमका निळ्या-हिरव्यालाच संवेदनशील. बाजारात मिळणारा रंगवलेला लाल झिरोचा बल्बही डोळे झाकून घेऊ नकोस, रंगाला टवके असतील तर तोही गळतो. लाल चिपचा एलईडी बल्ब घे. अंधारात त्याचं प्रतिबिंब सीडीच्या चकचकीत बाजूवर तिरकं धरून बघ. फक्त लाल पट्टा दिसला तर बरं. हिरवी किंवा निळी कड दिसली तर तो बल्ब बाद. कागदापासून निदान चार फूट लांब आणि भिंतीकडे तोंड करून लाव.

तुझा पांढरा राखाडी का होतो, याची आणखी दोन कारणं असू शकतात: कागद जुना असणं आणि डेव्हलपर गरम असणं. कोणतं ते तीन तुकड्यांत कळतं. पहिला तुकडा पाकिटातून थेट हायपोत. हा तुझा खरा पांढरा. दुसरा ठार अंधारात पाकिटातून थेट डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ, मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं आंबट पाणी), मग हायपो. हा पहिल्यापेक्षा मळकट आला तर दोष कागदाचा किंवा डेव्हलपरचा. तिसऱ्याला आधी एनलार्जरखाली इतकाच उजेड दे की डेव्हलप केल्यावर फिका राखाडी येईल. मग सेफलाइटखाली त्यावर एक नाणं ठेवून पाच मिनिटं सोड आणि डेव्हलप कर. नाण्याचा गोल उमटला तर सेफलाइट गळतोय. तो फिका राखाडी आधी द्यायचाच. कोऱ्या कागदावर थोडा प्रकाश पडला तरी खूण उठत नाही, आणि सेफलाइट ठीक आहे असं वाटून फसायला होतं.

आता फ्लिकर. त्याचं पहिलं कारण दोन सेकंद. तोंडाने मोजताना पाव सेकंद इकडेतिकडे होणारच, आणि दोनात पाव म्हणजे साडेबारा टक्के. लेन्स एफ/४ वरून एफ/११ वर आण. तीन स्टॉप कमी झाले, म्हणजे उजेड तीनदा निम्मा झाला, वेळ आठपट, म्हणजे १६ सेकंद. तोच पाव सेकंद आता दीड टक्का उरतो. टायमर नसेल तर फोनवर मेट्रोनोम लाव, मिनिटाला ६० ठोके. स्क्रीन मात्र उलटी ठेव. स्विचने दिवा लावू-विझवू नकोस. लेन्सखाली काळा पुठ्ठा धर, दिवा लाव, दोन-तीन सेकंद स्थिरावू दे, मग पुठ्ठा काढ आणि वेळ झाली की परत घाल.

दुसरं कारण व्होल्टेज. साध्या तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो. व्होल्टेज पाच टक्के उतरलं की उजेड सोळा टक्क्यांनी पडतो, शिवाय तांबूस होतो आणि तांबूस उजेड कागदाला आणखी कमी दिसतो. शेजारचा एसी किंवा पाण्याची मोटर चालू झाली की एवढी उतरण सहज होते. रिलेवाला स्टॅबिलायझर इथे कामाचा नाही, तो टप्प्याटप्प्याने उडी मारतो. फोटोग्रामला एनलार्जर लागतोच असंही नाही. चांगल्या ड्रायव्हरचा छोटा एलईडी बल्ब पाच फुटांवर टांगून त्याला काळ्या कागदाची नळी कर. व्होल्टेज हललं तरी त्याचा उजेड जवळपास तसाच राहतो. काही एलईडी विझवल्यावर क्षणभर मंद जळत राहतात, म्हणून इथेही पुठ्ठ्याची पद्धत सोडू नकोस.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण: बघून प्रिंट बाहेर काढणं. लाल उजेडात काळं आहे त्यापेक्षा गडद दिसतं, त्यामुळे हात नेहमी लवकर उचलतो. घड्याळ लाव आणि प्रत्येक प्रिंट तेवढाच वेळ ठेव. थर्मामीटर घेच. बडोद्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३५ अंशांच्या वर जातं. पुस्तकात २० अंश लिहिलेलं असतं, पण त्याच्यामागे लागून बर्फाशी झटापट करण्यापेक्षा २४ वर स्थिर राहा. माठातल्या पाण्यात डेव्हलपर बनव, ट्रे मोठ्या परातीत ठेव, परातीत पाणी आणि गोठवलेली पाण्याची बाटली. दर दहा मिनिटांनी तापमान बघ, एका अंशाहून जास्त हलू देऊ नकोस. २४ ला ७५ सेकंद, ट्रेचा एक कोपरा सतत हळू उचलत.

यानंतरही थोडा फरक राहील, आणि तो मारायची खरी युक्ती तुझ्या विषयातच आहे. तुझी पार्श्वभूमी काळी आहे. कागद एका मर्यादेपलीकडे काळा होऊच शकत नाही. एफ/११ वर एका तुकड्यावर पट्ट्यापट्ट्यांनी ४, ८, १६, ३२, ६४ सेकंद दे. वाळल्यावर बघ, कोणत्या दोन लगतच्या पट्ट्या एकसारख्या काळ्या आहेत. समज १६ आणि ३२ मध्ये फरक दिसत नाही. मग १६ वर थांबू नकोस, ३२ घे. आता पाच-दहा टक्के इकडेतिकडे झालं तरी पार्श्वभूमी हलणार नाही, कारण तिला हलायला जागाच नाही. सध्या तू उतारावर उभा आहेस, म्हणून जरा धक्का बसला की रंग बदलतो.

याची किंमत शेपटीला मोजावी लागेल. बटर पेपरखालचा राखाडी अजून उतारावरच राहतो. एक्स्पोजर वाढल्यावर एका पदराची शेपटी काळ्यात बुडेल, तेव्हा तीन-चार पदर लागतील. पदरांची वेगळी चाचणी कर. पिवळा, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टचा फिल्टर लावलास तर राखाडीतला फ्लिकर आणखी मऊ होतो. पण मग पूर्ण काळ्याची पट्टी परत काढावी लागते, कारण वेळ वाढतो. पतंगाचं कार्ड टॉर्चवर धरून बघ. त्यातून उजेड दिसत असेल तर दुहेरी कर.

डागांचं कारण स्टॉप बाथ नसणं आणि हायपोत प्रिंट्स एकमेकींना चिकटणं. जिथे चिकटल्या तिथे हायपो पोचला नाही, चांदीचे क्षार उरले आणि उजेडात तपकिरी झाले. किराणा दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर साधारण चार टक्के असतं. एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी, त्यात १५ सेकंद. मग हायपोत पाच मिनिटं, सतत खालची प्रिंट वर घेत. डेव्हलपरचा चिमटा आणि हायपोचा चिमटा वेगळे, रंगाची चिकटपट्टी लावून ठेव. हायपोचा एक थेंब डेव्हलपरमध्ये गेला तरी सगळा ट्रे संशयित. शेवटी पाच मिनिटं वाहत्या पाण्यात. आरसी कागद तासभर भिजत ठेवायचा नाही, कडा उसवतात.

---

पेगबार

वर उजेडाचं सगळं आलं आहे. उड्यांचं कारण तुमच्या वर्णनातच आहे: कात्री. हाताने कापलेल्या चार तुकड्यांच्या कडा कधीच काटकोनात नसतात आणि तुम्ही कागद कडेला लावून ठेवत असाल. चार इंच उंचीची पूर्ण फ्रेम १०८० पिक्सेलवर आणली तर एक मिलिमीटर म्हणजे साडेदहा पिक्सेल. अर्धा मिमी चूकही पडद्यावर ठळक दिसते.

कडेवर विसंबायचंच नाही. फाइलचं दोन भोकांचं पंचिंग मशीन घ्या. त्याच्या भोकांमधलं अंतर ८० मिमी असतं आणि भोकं साधारण ६ मिमीची. मशीनला बाजूचा थांबा असतो, तो एकदा पक्का करून टेपने बांधून टाका. एका सपाट एमडीएफच्या तुकड्यावर ८० मिमी अंतरावर दोन खुंट्या बसवा. ६ मिमीची लाकडी किंवा अ‍ॅक्रिलिक कांडी सॅंडपेपरने घासत घासत अशी करा की कागद किंचित दाबूनच बसेल. सैल खुंटी म्हणजे खुंटी नसल्यासारखीच. उंची ४-५ मिमी पुरे, वरची काच खुंट्यांवर चढली तर कागदाला टेकणार नाही.

आता महत्त्वाचा बदल. अंधारात पतंग हलवणं बंद करा. अ‍ॅनिमेशन दिवसाउजेडी करा आणि अंधारखोलीत फक्त छापा.

त्याची रीत अशी. साध्या ७५ जीएसएम कागदावर, त्याच पंचने भोकं पाडून, पेन्सिलने सगळी ७२ चित्रं काढा. लाइट बॉक्स नसेल तर काचेच्या टीपॉयखाली एलईडी पट्टी चालते, खुंट्यांची पट्टी काचेवर टेपने लावायची. आधी मुख्य पोझेस: तळ, चढाईचा मध्य, शिखर, गोत्याची सुरुवात, गोत्याचा तळ, सावरणं. मग मधली. चढताना सुरुवातीला चित्रं जवळजवळ, मध्ये लांब, शिखराशी परत जवळजवळ. गोत्यात उलट, शिखराशी जवळ आणि खाली येईतो अंतर वाढत जाणारं. शेपटी पतंगाच्या दोन-तीन फ्रेम्स मागे चालते, पतंग वळला तरी ती अजून जुन्या दिशेनेच जात असते. हे साधलं नाही तर पतंग पुठ्ठ्याचा दिसतो. सेकंदाला १२ फ्रेम्सवर एका फ्रेममध्ये पतंग स्वतःच्या रुंदीच्या अर्ध्याहून जास्त सरकला तर डोळ्याला दोन पतंग दिसू लागतात. गोत्यात तेवढं अंतर लागणारच असेल तर त्या दोन-तीन फ्रेम्समध्ये आकार हालचालीच्या दिशेने थोडा लांबवा.

पेन्सिलच्या चाचणीतच हालचाल मान्य होईपर्यंत अंधारखोलीत जाऊ नका. साधा कागद स्वस्त आहे.

मग प्रत्येक चित्रावर पंच केलेली ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिक) ठेवून पतंग काळ्या अ‍ॅक्रिलिकने दोन हात देऊन रंगवा. पोस्टर कलर नको, तो वाळला की तडकतो आणि प्रत्येक भेग काळी रेघ होऊन छापली जाते. बटर पेपरची शेपटी शीटवर पातळ गोंदाने चिकटवा. रंगाची बाजू खाली, फोटो कागदाच्या चकचकीत बाजूला टेकवून छापायची म्हणजे कड धारदार येते. चित्र उलटं, डावं-उजवं बदलून येईल, ते आधीच ध्यानात ठेवा. वर ५ मिमीची स्वच्छ काच. तिच्यावर खुणा करू नका, काचेवरचं काहीही छापलं जातं. थंडीच्या कोरड्या हवेत शीटला धूळ चिकटते आणि पांढरे ठिपके येतात, मऊ ब्रशने झाडा. पावसाळ्यात धूळ कमी पण साधा कागद फुगतो. म्हणून पेन्सिलची चित्रं आणि शीट्स शक्यतो एकाच आठवड्यात उरका.

कागद वाचवायचा हिशेबही करा. फ्रेम १६:९ हवी असेल तर ४×५ इंचाचा तुकडा उगाच मोठा आहे. ८×१० चा अख्खा कागद म्हणजे २०३×२५४ मिमी. त्याचे १२७×६७ चे सहा तुकडे करा. भोकांचा मध्य कडेपासून १२ मिमी, म्हणजे भोक १५ मिमीवर संपतं, वर ५२ मिमी उरतात. त्यात ८८×४९.५ मिमीची चौकट नीट बसते. १८ कागदांऐवजी १२ कागदांत काम. उरलेले सहा चाचणीच्या पट्ट्यांना लागतीलच.

फोटोतले आडवे पट्टे हे दिव्याचे. आपली वीज ५० हर्ट्झ, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोनच्या मॅन्युअल मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातील. आयएसओ, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. पण एवढं हाताने छापल्यावर फोनने टिपू नका, फ्लॅटबेड स्कॅनर शोधा. ६०० डीपीआय, ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो क्रॉप बंद. ८८ मिमी रुंदीला दोन हजारांवर पिक्सेल मिळतात, पूर्ण एचडीला पुरतात.

या शहरातल्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम घेत चित्रित केलं होतं. तशा कामातही कॅमेरा केसभर हलला की सगळं गेलं. तुमच्या खुंट्यांचं कामही तेच, काही हलू न देणं.

---

निळा_कागद

अंधारखोलीचा कागद परवडत नसेल तर याच ओएचपी शीट्स सायनोटाइपला (उन्हात निळं चित्र उमटवायची पद्धत) चालतात. बाथरूम नको, सेफलाइट नको, साध्या मंद पिवळ्या बल्बखाली काम होतं.

द्रावण अ: फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) २५ ग्रॅम, पाणी घालून १०० मिली. द्रावण ब: पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, पाणी घालून १०० मिली. वेगळ्या गडद बाटल्या. लागेल तेव्हाच समभाग मिसळायचं. अ ला काही आठवड्यांत बुरशी येते, गाळून वापरता येतं. ब ला तीव्र आम्लापासून आणि आगीपासून लांब ठेवा, त्यातून विषारी वायू सुटू शकतो. पत्र्याच्या पट्टीचा ब्रश नको, लोखंड लागलं की निळे ठिपके उठतात. फोमचा ब्रश घ्या. ए४ च्या एका कागदाला ३-४ मिली पुरतं. अंधारात पूर्ण वाळू द्या, ओलसर राहिला तर शीटला चिकटतो.

कागद निवडताना एक अडचण येते. ‘अ‍ॅसिड-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कागदांत खडू घातलेला असतो, आणि हा निळा अल्कलीत टिकत नाही. बोअरच्या जड पाण्यानेही तेच होतं. पहिल्या धुण्यात लिटरला चमचाभर व्हिनेगर घाला, मग साधं पाणी, पिवळेपणा जाईपर्यंत.

एका कागदावर सहा-आठ फ्रेम्स एकत्र छापल्या की त्यांच्यात आपसांत फ्लिकर नसतो, फक्त कागद बदलताना उडी येते. ऊन दुपारी ११ ते २ मध्येच घ्या आणि दर तासाला एक छोटी पट्टी काढून वेळ ठरवा. एकच आकडा सांगणं चुकीचं होईल, पाच मिनिटांपासून वीसपर्यंत काहीही लागू शकतं. ढगांच्या दिवशी हात लावू नका.

---

पहिलं_वर्ष_बडोदा

खूप आभार. सायनोटाइप पुढच्या सेमिस्टरला नक्की. सध्या दोन प्रश्न. डेव्हलपरची पावडर संपत आली आहे, घरी बनवता येईल का? आणि ७२ फ्रेम्स एकाच बैठकीत होणार नाहीत. ताजं आणि वापरलेलं डेव्हलपर यांत फरक पडेल, मग फ्रेम्स उलटसुलट क्रमाने छापाव्यात का, म्हणजे फरक विखुरला जाईल? फ्लिकर उरलाच तर सॉफ्टवेअरमध्ये डीफ्लिकर लावणार आहे.

---

हायपो_अडीचशे

विखुरलास तर हळू होणारा बदल तूच फ्लिकर करून टाकशील. क्रमानेच छाप आणि क्रमानेच डेव्हलप कर, म्हणजे डेव्हलपर थकला तरी उतार सावकाश राहतो आणि डोळ्याला कळत नाही. अडचण फक्त दोन जागी: बैठक बदलते तिथे, आणि लूप असल्याने ७२ वरून १ वर येताना. हे दोन्ही सांधे गोत्यात घाल, जिथे हालचाल सगळ्यात वेगवान आहे. फ्रेम १ म्हणजे चढाईची सुरुवात असलीच पाहिजे असं कुठे आहे? प्रत्येक बैठकीत लिटरभर ताजं डेव्हलपर, आणि दर १२ फ्रेम्सनंतर बटर पेपरच्या पदरांची एक चाचणी पट्टी. ती पहिल्या पट्टीशेजारी ठेवून फिकी दिसली की डेव्हलपर बदल. मागे ओएचपी मार्करने क्रमांक टाक, एकदम सहाहून जास्त तुकडे ट्रेमध्ये सोडू नकोस.

पेपर डेव्हलपर घरी होतो. डी-७२ चं सूत्र जुनं आणि खात्रीचं: ५० अंशांचं ५०० मिली पाणी, मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८०, पोटॅशियम ब्रोमाइड २, पाणी घालून एक लिटर. वापरताना १:२. क्रम मोडू नकोस. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट. सल्फाइट सगळं आधी घातलं तर मेटॉल विरघळत नाही. कार्बोनेटची बाटली नीट वाच. निर्जल असेल तर ६८ ग्रॅम, स्फटिकी धुण्याचा सोडा असेल तर १८२. खाण्याचा सोडा चालत नाही. मेटॉलने काहींच्या कातडीला पुरळ येतं, नायट्राइल हातमोजे घाल. दहावा भाग ग्रॅम दाखवणारा काटा घे, ब्रोमाइड अंदाजाने टाकायची वस्तू नाही.

हायपो: सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक २५० ग्रॅम, लिटरभर पाणी. ते विरघळताना पाणी चांगलंच गार पडतं, म्हणून कोमट पाण्यात सुरुवात कर आणि २४ ला येऊ दे. लिटरला ८×१० चे वीस कागद झाले की नवं कर. वापरलेल्यात चांदी असते, ते मोरीत ओतू नकोस. डब्यात साठव आणि फॅकल्टीच्या अंधारखोलीत त्याची विल्हेवाट कशी लावतात ते विचारून तिथे दे. स्वयंपाकघरातलं भांडं, चमचा, गाळणी यातलं काहीही परत स्वयंपाकघरात जाणार नाही असं धरूनच घे.

डीफ्लिकरच्या मी विरोधात आहे. काळा पूर्ण काळा आणि पांढरा पूर्ण पांढरा असेल तर बदलतो फक्त शेपटीचा राखाडी. सॉफ्टवेअर पूर्ण फ्रेमची सरासरी मोजून पूर्ण फ्रेम वर-खाली करतं. शेपटी स्थिर करायच्या नादात पतंगाचा पांढरा धडधडायला लागेल. शिवाय पतंग लहान-मोठा दिसला की सरासरी तशीही बदलते, आणि तो फ्लिकर नसतो.

---

पेगबार

मी एवढा कडक राहणार नाही. पूर्ण फ्रेमला डीफ्लिकर नको, हे मान्य. पण शेपटीपुरता मास्क करून ज्या चार-पाच फ्रेम्स खटकतात तेवढ्यांचा राखाडी हाताने जुळवायला हरकत काय? त्यासाठी सहा तुकड्यांचा अख्खा कागद परत छापायचा म्हणजे कागदाची उधळपट्टी. उलट प्रत्येक फ्रेममध्ये शेपटीचा राखाडी अगदी एकसारखा केला तर ते हाताने छापलंय हे कळणारही नाही. किंचित श्वास घेऊ द्या तिला.

जागेच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअरची मदत जरूर घ्या, आणि तिची तयारी स्कॅन करतानाच करा. प्रिंटच्या मागे पिवळा किंवा लाल कार्डशीट ठेवून स्कॅन करा. पार्श्वभूमी काळी असल्याने भोकं त्या रंगात ठळक उठतात. क्रॉप करताना ती कापू नका. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये या दोन भोकांचे मध्य ट्रॅक करून स्टॅबिलाइझ केलं की स्कॅनरवर ठेवताना झालेली सरक आणि थोडं फिरणं दोन्ही निघून जातं. छापतानाच खुंटीवर कागद सैल बसला असेल तर मात्र हे कामी येत नाही. तेव्हा भोकं जागेवर राहतात आणि पतंग हलतो. म्हणून पहिल्या सहा फ्रेम्स छापल्या की तिथेच थांबा, स्कॅन करून चालवून बघा आणि मग पुढचा कागद कापा.